कासवाचे वार्धक्य

कासव म्हणजे सहनशीलतेची मूर्ती, असे मानण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. देवदानवांनी समुद्र घुसळला तेव्हा मंदर पर्वताचा भार कूर्माने पाठीवर घेतला. इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला गीतेने अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचीच उपमा दिली. महाराष्ट्रातील शिवालयांत नंदी आणि गाभारा यांच्यामध्ये फरशीवर दगडी कासव कोरलेले असते, आणि दर्शनाला जाणारा त्याला नमस्कार करून पुढे पाऊल टाकतो. इतका मान क्वचितच एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला आला असेल. परंतु या मानाबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. जो सर्व काही सोसतो, त्याला काही लागत नाही. जो शंभर वर्षे जगतो, तो म्हातारा होत नाही. आणि जो महिनोन्महिने अन्नावाचून राहू शकतो, त्याने अन्न टाकले तरी चिंतेचे कारण नाही, असे लोक समजू लागले. पाळलेल्या कासवांच्या वाट्याला जे हाल आले, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ या समजुतीत आहे. कासव म्हातारे होते, आजारी पडते, त्याची भूक मरते, ही गोष्ट माणसाच्या ध्यानी फार उशिरा आली. ती कशी आली याचा इतिहास उद्बोधक आहे, आणि तो सांगण्यास चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांइतकी योग्य भूमी दुसरी नाही.

या भूमीचे आणि कासवाचे नाते माणसाच्या जन्माच्या कितीतरी आधीचे आहे. वर्धा आणि वैनगंगा या नद्यांचा चपराळ्याजवळ संगम होतो आणि तेथून पुढे त्यांच्या एकत्र प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. ही प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. सिरोंचा तालुक्यातील कोटा या गावावरून भूगर्भशास्त्रज्ञांनी तेथील खडकांच्या एका थराला कोटा शैलसमूह असे नाव दिले आहे. जुरासिक युगातील या थरात सापडलेल्या एका कासवाचे वर्णन २००० साली प्रसिद्ध झाले आणि त्याला 'इंडोचेलिस' असे नाव मिळाले. भारतात सापडलेले जुरासिक काळातील ते पहिलेच कासव होय. चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शेतांतून डायनोसॉरची हाडे निघतात, आणि त्यांच्याच सोबतीला कासवांचे अवशेषही निघतात. १९७७ साली शास्त्रज्ञ सोहनलाल जैन यांनी त्यांपैकी एका जातीला पिसदुऱ्याचेच नाव दिले. पुढे २०२० साली नव्याने वर्गवारी झाली, तेव्हा खुद्द जैन यांच्या नावावरून ती जात 'जैनेमिस पिसदुरेन्सिस' झाली. ज्या अवाढव्य प्राण्यांच्या पायाखाली हे कासव वावरले, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. कासवाचा वंश मात्र आजही वैनगंगेच्या डोहात तोंड वर काढून श्वास घेतो आहे. मात्र दीर्घायुष्य वंशाचे असणे वेगळे आणि व्यक्तीचे असणे वेगळे. वंश चिरंजीव आहे म्हणून प्रत्येक कासव अजर आहे, असे होत नाही.

पिसदुऱ्याची हाडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम गोळा करणाऱ्यांत नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे होते. धर्मोपदेश हा त्यांचा व्यवसाय. पण दगड, जीवाश्म आणि लोककथा यांचा त्यांना विलक्षण नाद होता. गोंडांचे पुरोहित आणि भाट म्हणजे परधान. अशा एका परधानाच्या तोंडून लिंगोची प्रदीर्घ गाथा त्यांनी उतरवून घेतली. तिच्यात कासवाचा एक प्रसंग आहे. लिंगो आपल्या गोंडांना घेऊन निघाला असता वाटेत नदीला पूर आला. इतर पार झाले. चौघे जण आणि लिंगो मात्र अलीकडे राहिले. तेव्हा पाण्यात खेळणारी सुसर आणि कासव त्यांच्याजवळ आली आणि पलीकडे पोहोचवण्याची शपथ त्यांनी घेतली. चौघे सुसरीच्या पाठीवर बसले, लिंगो कासवाच्या. मध्य प्रवाहात सुसरीने दगा दिला आणि ती बुडी मारू लागली. लिंगोने चौघांना कासवाच्या पाठीवर ओढून घेतले, आणि कासवाने त्या साऱ्यांना सुखरूप पैलतीरी नेले. चौघांनी कासवाचे पाय धरले आणि तुझ्याशी आम्ही कधी बेइमान होणार नाही, असे वचन दिले.

ही कथा उतरवून घेणाऱ्या हिस्लॉप यांचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून रात्री परतत असता वाटेतील नदीच्या पुरात ते वाहून गेले. त्यांच्या कागदपत्रांचे संपादन मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी केले आणि १८६६ साली ते छापून निघाले. म्हणून गोंडांचे ते वचन आज वाचावयास मिळते. या वचनाचा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. तो पूजेचा नव्हे, इमानाचा आहे. ज्याने आपल्याला पाठीवर वाहून नेले, त्याच्या अडचणीच्या काळी आपण त्याचे काय करतो, हा प्रश्न त्यातून ओघानेच निघतो.

या दोन्ही जिल्ह्यांत कासव माणसाच्या नित्य दृष्टीस पडते ते तलावांमुळे. जुन्या चांदा जिल्ह्यात गावोगाव पाटबंधाऱ्याचे तलाव होते आणि आहेत; मालगुजारांच्या काळापासून लोक त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. भाताच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या या तलावांतून मऊ पाठीचे एक कासव राहते. त्याच्या पोटाकडे मागल्या पायांवर झाकणासारख्या कातडी झडपा असतात. पाय आत घेतले की झडपा मिटतात आणि पुढचा भागही वर उचलला जाऊन प्राणी जवळजवळ डबीसारखा बंद होतो. उन्हाळ्यात तलाव आटला की हे कासव चिखलात खोल शिरते आणि पावसाळ्याची वाट पाहत निश्चल पडून राहते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, तळ्याचा गाळ भेगाळतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर त्याच गाळातून कासव बाहेर येते. हे दृश्य पाहणाऱ्या शेतकऱ्याला, कासव वाऱ्यावर जगते असे वाटले तर नवल नाही. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत कासव सोडण्याची जी चाल पडली, तिच्यामागेही हाच समज असला पाहिजे. त्या कासवाला कोणी वेगळे खाऊ घालत नसे. पाण्यातले किडे, बेडूक आणि पडलेला पाला हेच त्याचे अन्न. एखादे कासव वर्षानुवर्षे दिसत राहिले म्हणजे ते सुखी आहे, असे ठरून जाई. जे दिसेनासे झाले, त्याची चौकशी कोणी करीत नसे.

याच्या जोडीला आपल्या संतवाङ्मयात एक रम्य कल्पना आहे. कासवी आपल्या पिलांना पाजत नाही, भरवीत नाही. दूर राहून केवळ कृपादृष्टीने पाहते आणि त्या नजरेवर पिले वाढतात. यालाच कूर्मदृष्टी म्हणतात. शास्त्रदृष्ट्या पाहता ही गोष्ट खरी नाही. बहुतेक कासवी वाळूत किंवा मातीत अंडी पुरून निघून जातात आणि पिलाला जन्मापासून स्वतःचे पोट स्वतःच भरावे लागते. परंतु पाळलेल्या कासवाच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे या कल्पनेचा एक निराळा आणि अगदी खरा अर्थ प्रत्ययास येतो. कासव कण्हत नाही, ओरडत नाही, कुत्र्यासारखे पायाशी येऊन बसत नाही. त्याच्या दुखण्याची भाषा एकच: ते खाणे सोडते. ती भाषा ओळखण्यास सतत लक्ष ठेवणारी नजर लागते. म्हातारे कासव जगते ते अक्षरशः पाळणाऱ्याच्या नजरेवर.

ही नजर प्रथम कोणी लावली, हे पाहू गेल्यास इंग्लंडातील सेलबोर्न या खेड्यातील गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाचे नाव घ्यावे लागते. १७८० साली आत्याच्या निधनानंतर तिच्या बागेत सुमारे चाळीस वर्षे राहिलेले एक कासव त्यांनी हिवाळी निद्रेतून उकरून काढले आणि घोड्याच्या गाडीतून ऐंशी मैलांवरील आपल्या घरी आणले. त्याला टिमथी असे पुरुषी नाव होते. ती मादी आहे, हे तिच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने कळले. व्हाइट यांनी तिचे खाणे, झोपणे, पावसाला भिणे हे सारे टिपून ठेवले आणि तिला तराजूत घालून तिचे वजन केले. भर उन्हाळ्यात ती अधाशासारखी खाते, शरद ऋतूत तिचे खाणे उतरत जाते आणि हिवाळ्यात ती काहीच घेत नाही, हे त्यांच्या नोंदींवरून दिसून आले. १७९३ मध्ये व्हाइट वारले. पाठोपाठ १७९४ मध्ये ते कासवही गेले. त्याचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जतन केलेले आहे. व्हाइट यांच्या नोंदींतून निघणारा धडा साधा आहे, पण आजचा पशुवैद्यही तेथूनच आरंभ करतो. कासवाचा उपवास दोन प्रकारचा असतो. एक ऋतूचा, दुसरा रोगाचा. पहिल्यात वजन फारसे घटत नाही. दुसऱ्यात ते घटते. म्हणून ज्याच्या घरी वृद्ध कासव आहे त्याच्यापाशी औषधाआधी तराजू असावा. आठवड्यातून एकदा वजन करून ते लिहून ठेवावे. एकदशांश वजन उतरले तर वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

आपल्या देशात ज्याच्या वार्धक्याची चर्चा सर्वत्र झाली असे कासव म्हणजे कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील अद्वैत. ते हिंदी महासागरातील अल्दाब्रा बेटांच्या जातीचे, सुमारे अडीचशे किलो वजनाचे होते. ते रॉबर्ट क्लाइव्हकडे होते आणि १८७५ साली बराकपूरहून अलीपूरला आले, असे परंपरा सांगते. त्याचे वय अडीचशे वर्षे असल्याचे म्हणत. ते बाजूला ठेवले तरी त्या आवारात त्याने सव्वाशेहून अधिक वर्षे काढली, हे त्या हिशेबाने निघते. गव्हाचा कोंडा, गाजरे, भिजवलेले हरभरे, गवत असा त्याचा आहार असे. अखेरच्या काळात त्याच्या कवचाला चीर गेली, आत जखम झाली, आणि २००६ च्या मार्चमध्ये यकृत निकामी होऊन त्याचा अंत झाला. दगडासारखे भासणारे कवचही वार्धक्यात ठिसूळ होते आणि त्याच्या आतले अवयवही थकतात, हे त्या मृत्यूने देशाला दाखवून दिले.

याच्या उलट आशादायक उदाहरण दक्षिण अटलांटिकातील सेंट हेलेना बेटावर घडले. तेथील राज्यपालांच्या निवासाच्या हिरवळीवर जोनाथन नावाचे कासव १८८२ पासून आहे. तेथे आणले तेव्हाच ते पूर्ण वाढलेले असल्यामुळे त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा धरतात, आणि २०२२ मध्ये त्याची एकशे नव्वदावी वर्षगाठ साजरी झाली. उतारवयात मोतीबिंदूने त्याची दृष्टी गेली, वास येईनासा झाला, आणि त्यामुळे गवत व माती यांतला भेद त्याला कळेना. ते चावत होते, पण तोंडात अन्नाऐवजी काडीकचरा जाई. वजन घटले, चोचीची धार बोथट होऊन ती झिजू लागली. ज्यो हॉलिन्स या पशुवैद्याने यावर कोणताही चमत्कारिक उपाय केला नाही. आठवड्यातून एकदा जाड हातमोजे घालून गाजर, काकडी, सफरचंद, केळे अशी सकस फळे व भाज्या तो त्याला हाताने भरवू लागला. काही काळाने वजन वाढले, आणि बोथट चोच पुन्हा धारदार झाली. त्या प्राण्याची भूक मेली नव्हती; अन्नापर्यंत पोहोचण्याची वाट बंद झाली होती. वृद्ध कासवाने खाणे टाकले म्हणजे पहिला प्रश्न 'याला भूक का नाही' असा नसून 'याला अन्न दिसते का, हुंगता येते का, चावता येते का' असा असला पाहिजे, ही गोष्ट जोनाथनच्या उदाहरणाने उघड झाली.

अमेरिकेतील घरांतून ज्याला हौसेने पाळतात ते पेटी-कासव, म्हणजे बॉक्स टर्टल, या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकवते. त्याच्या पोटाच्या कवचाला बिजागरी असते आणि धोका दिसताच ते पेटीसारखे घट्ट मिटते. आशियात या पेटी-कासवांची निराळी घराणी आहेत आणि त्यांपैकी काही भारताच्या ईशान्य भागात व निकोबार बेटांत आढळतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञ ल्युसिल स्टिकेल यांनी मेरीलँडमधील जंगलात १९४४ पासून या कासवांचा माग काढला आणि १९५० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका कासवाचा वावर सरासरी साडेतीनशे फुटांच्या आसपासच्या टापूत असतो, असे त्यांना दिसून आले. अर्धशतक जगणारा प्राणी आणि त्याचे जग एवढेच. त्या टापूतली प्रत्येक पाणथळ जागा, प्रत्येक फळझाड, प्रत्येक बीळ त्याला ठाऊक असते. असे कासव उचलून परक्या खोलीत ठेवले म्हणजे ते कोपऱ्यात तोंड खुपसून बसते आणि दिवसेंदिवस अन्नाला शिवत नाही. त्याला आपण हट्ट म्हणतो. वस्तुतः त्याचे सारे जगच हरवलेले असते. म्हणून वृद्ध कासवाचा पिंजरा, त्यातील आडोशाची जागा, पाण्याचे भांडे, यांची मांडणी उगाच बदलू नये, हा नियम त्या संशोधनातूनच निष्पन्न होतो. दृष्टी मंदावलेल्या प्राण्याला तर सवयीची जागा हीच दुसरी दृष्टी असते.

आता वृद्ध कासवाच्या अन्नत्यागाची नेहमीची कारणे पाहिली तर त्यांत गूढ असे काही नाही. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते; भोवतालच्या उष्णतेवर त्याचे पचन चालते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पौषात रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि वैशाखात दुपारी अंगण तव्यासारखे तापते. थंडीत गारठलेल्या कासवाला बळेने भरवले तर ते अन्न पोटात कुजते. म्हणून आधी ऊब द्यावी, मग पाणी, आणि सर्वांत शेवटी अन्न, हा क्रम मोडू नये. उन्हाळ्यात याच्या उलट सावली व ओलावा द्यावा लागतो. कोमट पाण्यात हनुवटी बुडणार नाही अशा बेताने रोज घटकाभर बसवले तर ते पाणी पिते, मलमूत्र विसर्जन करते, आणि पुष्कळदा एवढ्यानेच भूक परत येते. दुसरे कारण उन्हाचा अभाव. सकाळच्या कोवळ्या उन्हातील अतिनील किरणांवाचून अन्नातला चुना हाडांत मुरत नाही. मग कवच मऊ पडते, जबडा दुबळा होतो आणि चावणे नकोसे होते. काचेआडून येणारे ऊन या कामी निरुपयोगी असते, कारण ते किरण काच अडवते.

तिसरे कारण चुकीचा आहार. भात, पाव, बिस्किटे, दूध यांवर घरोघरी कासवे पाळली गेली. ती लगेच मरत नाहीत, म्हणून आपण योग्य ते देतो असे वाटते. पण वर्षानुवर्षांची उणीव उतारवयात उघडी पडते. जीवनसत्त्व अ कमी पडले की पापण्या सुजून डोळे मिटतात, कानाच्या जागी गाठी येतात, आणि आंधळ्यासारखे झालेले कासव खाणे सोडते. यावर मनाने औषध टोचू नये. त्या जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला तर कातडी सोलून निघते. ज्याचा आहार केवळ शाकाहारी त्या जातीला मांस किंवा डाळी अधिक झाल्या, किंवा पाणी कमी पडले, तर मूत्रपिंडे बिघडतात आणि सांध्यांत खडे साठतात. मादी असेल तर पोटात अडकलेली अंडी हेही कारण असू शकते. मादी एकटी असली तरी अंडी धरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडे टाकून श्वास घेणे, पाण्यात एका अंगावर तिरपे तरंगणे, ही फुप्फुसाच्या विकाराची लक्षणे होत आणि त्यांत घरगुती उपायांना जागा नाही. चोच वाढून वाकडी झाली असेल तर ती वैद्याकडून घासून घ्यावी. एवढे पाहिल्यावरही भूक मंद असेल, तर रसरशीत तांबड्या-पिवळ्या रंगाची फळे द्यावीत. पेटी-कासवासारख्या मिश्राहारी जातीला वळवळता गांडूळ समोर ठेवावा. रंग आणि हालचाल पाहून त्यांची इच्छा जागी होते. कवचावर तेल किंवा रंग चोपडण्याची हौस मात्र समूळ टाकून द्यावी.

येथवर शुश्रूषेचा विचार झाला. पण या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि तिचे एक टोक याच वनजिल्ह्यांत येऊन पोहोचते. भाग्य उजळते, वास्तुदोष जातो, अशा समजुतीने शहरांतून कासवे विकत घेण्याचे खूळ माजले, आणि पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेल्या तारांकित कासवाचा चोरटा व्यापार देशाबाहेरही पसरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला पकडणे व बाळगणे हा गुन्हा ठरवला. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले. तलावांतले झडपांचे कासव आधीपासूनच त्या अनुसूचीत होते. २०१९ साली जिनिव्हा येथील परिषदेत तारांकित कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद करण्यात आला. कायदा कडक झाला तशी जप्ती वाढली, आणि जप्त झालेल्या प्राण्यांचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. टबांत आणि खोक्यांत वाढलेली ही कासवे कुपोषित, वेड्यावाकड्या कवचांची, श्वासाच्या विकारांनी जर्जर अशी होती. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या वनखात्याने पुण्यातील एका प्राणिसेवी संस्थेच्या साहाय्याने अशा शेकडो तारांकित कासवांवर दीर्घ काळ उपचार केले, त्यांना पुन्हा गवतपाल्याची सवय लावली, आणि मग चंद्रपूर जिल्ह्यातील वनात नेऊन सोडले. ज्या मुलखात गोंडांनी कासवाला वचन दिल्याची कथा गायिली जाते, त्याच मुलखात माणसाने विकलेली कासवे माणसाच्याच हातून मोकळी झाली.

परंतु प्रत्येक कासवाला ही वाट खुली नसते. जे तीस वर्षे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहिले, ज्याचा एक डोळा गेला, ज्याची चोच अन्न तोडू शकत नाही, त्याला ताडोबाच्या किंवा चपराळ्याच्या वनात सोडणे म्हणजे मुक्ती देणे नव्हे, मृत्यूच्या स्वाधीन करणे होय. शिवाय बंदिवासातले रोग ते रानातल्या निरोगी कासवांना देऊ शकते. विदेशी जातीचे कासव गावतळ्यात सोडणे तर दुहेरी अपराध; ते स्वतः मरेल, किंवा जगले तर तेथील मूळच्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावील. आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीत असलेल्या विदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे शासनाकडे नोंद करावी लागते. देशी कासव घरात असेल तर ते गुपचूप कोठेतरी टाकून न देता वनखात्याच्या स्वाधीन करणे हाच सरळ मार्ग होय. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि चंद्रपूरलाही जखमी व आजारी वन्यप्राण्यांसाठी उपचारकेंद्रे आहेत. यात पाळणाऱ्याला दुःख होते, हे खरे. तीस वर्षे ज्याला रोज सकाळी पाहिले त्याची जागा रिकामी होते. पण ज्या प्राण्यावर आपले प्रेम आहे त्याला आपल्यापेक्षा जाणत्या हाती देणे, यात प्रेमाची हानी नाही.

अशा प्रकारे पिसदुऱ्याच्या खडकापासून आजच्या उपचारकेंद्रापर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. माणसाने कासवाला देव केले, विहिरीचा राखणदार केले, भाग्याची वस्तू केले. त्याला आजारी पडणारा, म्हातारा होणारा जीव मानण्यास मात्र त्याला शतके लागली. देवाला अन्न नसले तरी चालते आणि शोभेच्या वस्तूला तर लागतच नाही. जिवाला मात्र लागते. गोंडांच्या कथेतील चौघांनी कासवाला मंदिर देऊ केले नव्हते, केवळ बेइमान न होण्याचे वचन दिले होते. त्या वचनाची कसोटी कासव तरुण आणि धडधाकट असताना लागत नाही. ते वृद्ध होऊन, समोर ठेवलेल्या पानाकडे पाठ फिरवून कोपऱ्यात बसते, तेव्हा ती लागते. त्या वेळी लागणारी सामग्री फार थोडी आहे: एक तराजू, कोमट पाण्याचे एक भांडे, सकाळचे ऊन, जाणता वैद्य, आणि रोज न चुकता त्याच्याकडे पाहणारी दोन माणसांची नजर.